घरबसल्या चिप टेपआउट करायची तर

प्रश्न असा आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेले एक गृहस्थ साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात आहेत. संध्याकाळी घरी बसून त्यांनी व्हेरिलॉग या हार्डवेअर वर्णनाच्या भाषेत आठ बिटी प्रोसेसर लिहिला आणि एफपीजीए बोर्डावर (हवं ते सर्किट पुन्हा पुन्हा भरता येणारी तयार चिप) तो चालवूनही दाखवला. आता तोच खऱ्या सिलिकॉनवर उतरवायचा आहे, म्हणजे डिझाइन चिप बनवायला कारखान्याकडे पाठवायचं (यालाच टेपआउट म्हणतात). ते विचारतात: ओपन सोर्स टूल्स त्यासाठी खरंच पुरतात, की ती कॉलेजच्या प्रयोगापुरतीच? खर्च किती येईल? आणि हौशींची डिझाइन्स कारखान्यापर्यंत नेणारी एफॅबलेस कंपनी बंद पडल्यावर हा सगळा खेळ संपला का?

आधी उत्तरं देतो, मग कारणं. टूल्स पुरतात. तुमच्या आकाराच्या डिझाइनला तर भरपूर पुरतात. खर्च काही शे डॉलरपासून सुरू होतो आणि अख्खी चिप स्वतःची हवी असेल तर काही हजार डॉलरवर जातो. खेळ संपलेला नाही, पण मालक बदललेत आणि नियमही. माझी नोकरी फिजिकल डिझाइनची, म्हणजे सर्किटचा चिपवरचा नकाशा (लेआउट) आखायची, दिवसभर परवान्याच्या महागड्या टूल्सवर. मुक्त टूल्स मी रात्री वापरतो. त्यामुळे पुढची तुलना दोन्हीकडचं पाहूनच करतोय.

टूल्सबद्दलचा तुमचा संशय मला समजतो, पण इतिहास पाहिला तर तो थोडा उलटा आहे. या क्षेत्रातली पायाभूत टूल्स विद्यापीठातच जन्मली आणि खुली होती. स्पाइस हा सर्किट सिम्युलेटर १९७३ मध्ये बर्कलीतून बाहेर पडलं. आजचं एनजीस्पाइस त्याच घराण्यातलं. मॅजिक हा लेआउट एडिटर १९८० च्या दशकात बर्कलीतच जॉन ऑस्टरहाउट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहिला, आणि तो आजही रोज वापरात आहे. याच ऑस्टरहाउटांनी पुढे टीसीएल भाषा केली. लाखो डॉलरच्या टूल्सना आजही आम्ही टीसीएलमध्येच आज्ञा देतो, हे जाता जाता सांगितलं. मधल्या काळात चिप्स मोठ्या झाल्या, टूल्स कंपन्यांच्या ताब्यात गेली आणि विद्यापीठांचा कोड मागे पडला, एवढंच.

मग चित्र पालटलं ते दोन बाजूंनी. एक म्हणजे योसिस. क्लेअर वुल्फ यांनी २०१२-१३ च्या सुमारास सुरू केलेलं हे सिंथेसिस टूल, म्हणजे व्हेरिलॉगचं गेटांच्या जाळ्यात रूपांतर करणारं. २०१५ मध्ये आइसस्टॉर्म प्रकल्पाने लॅटिसच्या आइस-४० एफपीजीएचा बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची सर्किटची फाइल) उलगडला आणि व्हेरिलॉगपासून चालत्या बोर्डापर्यंतची सगळी वाट पहिल्यांदा मुक्त टूल्सनी पार करता आली. तुमच्या बोर्डावर गोविनची चिप असेल तर तिच्यासाठी अपिक्युला नावाचा असाच प्रकल्प आहे. दुसरी बाजू ओपनरोडची. २०१८ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने त्याला पैसा दिला, नेतृत्व सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अँड्र्यू कांग यांचं. उद्दिष्ट मोठं ठेवलं होतं: माणसाचा हात न लागता २४ तासांत आरटीएलपासून (व्हेरिलॉगमधल्या वर्णनापासून) लेआउटपर्यंत. फ्लोअरप्लॅन, प्लेसमेंट, क्लॉक ट्री, रूटिंग (जागा आखणं, गेट मांडणं, क्लॉक पोचवणं, तारा ओढणं) हे सगळं त्यातलं. योसिस, ओपनरोड, मॅजिक, केलेआउट आणि नेटजेन यांना एका दोरीत ओवून एफॅबलेसने ओपनलेन हा फ्लो, म्हणजे टूल्सची सलग साखळी, केला. त्याचाच आजचा वारस लिब्रेलेन. तुम्ही प्रत्यक्षात हेच चालवाल.

पण टूल्स असून चालत नाही, आणि माझ्या मते तुमचा मूळ प्रश्न इथे आहे. कोणत्याही टूलला कारखान्याची माहिती लागते: तारांमध्ये किमान किती अंतर ठेवायचं, ट्रान्झिस्टर किती व्होल्टला कसा वागतो, कोणता थर कोणत्या क्रमांकाचा, तयार स्टँडर्ड सेल (गेटांचे साचेबंद ठोकळे) कुठल्या. या गठ्ठ्याला पीडीके म्हणतात. तो मिळवायचा तर कारखान्याशी गोपनीयतेचा करार करावा लागे, आणि कारखाने तो कंपन्यांशी किंवा विद्यापीठांशी करत. घरी बसलेल्या माणसाशी कोण करार करणार? त्यामुळे २०२० पर्यंत अवस्था अशी होती की टूल आहे, पण त्याला खायला काही नाही. कितीही सुंदर लेआउट काढा, तो कुठल्याच खऱ्या कारखान्याचा नसे.

जून २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटर यांनी मिळून स्काय-१३० हा पीडीके उघड्यावर ठेवला. करार नाही, सही नाही, डाउनलोड करा आणि वापरा. स्कायवॉटरचा कारखाना अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात आहे, पूर्वी तो सायप्रस सेमीकंडक्टर या कंपनीचा होता. प्रक्रिया १३० नॅनोमीटरची, म्हणजे २००१-०२ च्या पेंटियमच्या पिढीची. (नाव १३० असलं तरी गेटची किमान आखायची लांबी १५० नॅनोमीटर आहे. या धंद्यात नावावर जायचं नसतं.) जुनी म्हणून नाक मुरडू नका. तुमच्या आठ बिटी प्रोसेसरला ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यानंतर २०२२ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजचा १८० नॅनोमीटरचा पीडीके खुला झाला, आणि जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट-ओडरच्या आयएचपी संस्थेने आपली १३० नॅनोमीटर बायसीमॉस प्रक्रिया खुली केली. आज हौशी माणसाला खऱ्या अर्थाने वापरता येणारे पीडीके हे तीनच. तुमचे सगळे निर्णय या तिघांभोवती फिरतील, टूल कुठलं याच्याभोवती नाही.

दुसरी कोंडी वेफरवरच्या, म्हणजे चिप्स घडवायच्या सिलिकॉनच्या चकतीवरच्या, जागेची. मास्कचा, म्हणजे थर छापायच्या साच्यांचा, एक संच आणि वेफरची एक फेरी एकट्याने करायची म्हणजे जुन्या प्रक्रियेतसुद्धा सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. यावरचा तोडगा १९८१ पासूनचा आहे. अमेरिकेत मोसिस सेवा सुरू झाली आणि अनेकांची डिझाइन्स एकाच मास्कवर बसवून खर्च वाटून घ्यायची पद्धत रुळली. याला शटल म्हणतात. सामुदायिक विवाहासारखा हा मामला: मांडव एक, जेवणावळ एक, खर्च वाटून, पण मुहूर्त सगळ्यांचा एकच, तुमची तयारी झाली नाही म्हणून कोणी थांबत नाही. गूगलने २०२० च्या अखेरीपासून अशा काही फेऱ्यांचा सगळा खर्च उचलला. अट एवढीच की डिझाइन खुलं ठेवायचं. फेऱ्या एफॅबलेस चालवत असे. ती प्रत्येकाला कॅराव्हेल नावाची तयार चौकट देई आणि तिच्या आत सुमारे १० चौरस मिलिमीटर जागा तुमची. पैसे देऊन यायचं असेल तर चिपइग्नाइट योजनेत ९,७५० डॉलरला पॅकेज केलेल्या १०० चिप्स मिळत.

मार्च २०२५ मध्ये एफॅबलेसने गाशा गुंडाळला. निधी संपला. अनेकांची डिझाइन्स मधल्या टप्प्यात अडकली आणि ‘ओपन सोर्स चिप्सचा फुगा फुटला’ अशी आवई उठली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. बुडाली ती मध्यस्थ कंपनी. पीडीके जिथल्या तिथे होता, टूल्सचा कोड हजारो संगणकांवर होता, कारखाना चालू होता. ओपनलेनचं काम लिब्रेलेन या नावाने फोसी फाउंडेशनच्या छत्राखाली पुढे गेलं. चिपइग्नाइटचा वारसा चिपफाउंड्री नावाच्या नव्या कंपनीने घेतला. स्काय-१३० खुला करण्यामागचा मुख्य माणूस टिम अँसेल. त्याने वेफर-स्पेस सुरू करून ग्लोबलफाउंड्रीजच्या १८० नॅनोमीटरवर सुमारे ७,००० डॉलरला १,००० डाय (सुट्या चिप्स) असा दर जाहीर केला, जागा साधारण २० चौरस मिलिमीटर. टायनी टेपआउट ही योजना (तिच्याबद्दल पुढे) आयएचपीच्या आणि पुन्हा स्कायवॉटरच्या फेऱ्यांवर चालू राहिलं. यातून घ्यायचा व्यावहारिक धडा एकच: पैसे आगाऊ भरायचे असतात आणि चिप हातात यायला सहा-नऊ महिने, कधी त्याहून जास्त लागतात. मधल्या काळात मध्यस्थ टिकेल याची हमी कोणी देत नाही. गेले तर झोपमोड होणार नाही एवढेच पैसे घाला.

तुमच्यासाठी माझी शिफारस स्पष्ट आहे: टायनी टेपआउट. मॅट व्हेन यांनी २०२२ मध्ये सुरू केलेली ही योजना म्हणजे शटलच्या पोटातलं शटल. एका चिपवर शेकडो लोकांची डिझाइन्स छोट्या छोट्या टाइल्सवर बसवतात आणि एका मल्टिप्लेक्सरने हवं ते निवडतात. तुम्हाला क्लॉक, रीसेट, आठ इनपुट, आठ आउटपुट आणि आठ दुतर्फा पिना मिळतात. टाइल आणि बोर्ड मिळून खर्च काही शे डॉलर. दर फेरीगणिक बदलतो, कुरिअर आणि आयात शुल्क वेगळं धरा. चिप हातात आली की तिच्यावर इतरांची डिझाइन्सही असतात, त्यामुळे कोणीतरी केलेला संगीत वाजवणारा ब्लॉक किंवा व्हीजीएवर चित्र काढणारा ब्लॉक तुम्ही आपल्या टेबलावर चालवू शकता. ही गंमत मोठ्या चिपमध्ये नाही. तुमच्या संगणकावर काही बसवायचीही सक्ती नाही. गिटहबवर त्यांचा साचा घेऊन कोड टाकलात की लेआउट तिथेच तयार होतो.

आता तुमच्या प्रोसेसरचा हिशेब मांडू, कारण इथे बहुतेकांची दांडी उडते. एक टाइल साधारण १६० बाय १०० मायक्रॉन, म्हणजे १६,००० चौरस मायक्रॉन. रूटिंगला जागा सोडून ६० टक्के भरली असं धरा: ९,६००. स्काय-१३० च्या हाय डेन्सिटी लायब्ररीत दोन इनपुटचा सर्वांत छोटा नँड गेट ३.७५ चौरस मायक्रॉन घेतो, एक बिट साठवणारा साधा डी फ्लिपफ्लॉप (पुढे नुसता फ्लॉप) सुमारे २०. म्हणजे टाइलमध्ये दुसरं काहीही न ठेवता नुसते फ्लॉप कोंबले तरी ४८० बसतात. ६४ बाइट मेमरीला ५१२ लागतात. तुमच्या प्रोसेसरला २५६ बाइटची रॅम आहे, असं तुम्ही लिहिलंय. ती एफपीजीएमध्ये ब्लॉक रॅममध्ये जाऊन बसली, तुम्हाला फुकटात मिळाली. इथे ब्लॉक रॅम नाही. लिहिलेला प्रत्येक रेजिस्टर जागा खातो, आणि जागा म्हणजे पैसे.

पर्याय आहेत. लॅचवर (फ्लॉपहून साधा साठवण घटक) मेमरी बांधली तर एका बिटाला फ्लॉपच्या पाऊणपट जागा लागते, पण टायमिंगची डोकेदुखी वाढते. पहिल्या चिपला नको. मेमरीचे ब्लॉक तयार करून देणारं ओपनरॅमसारखं एसरॅम जनरेटर आहे, पण त्याचे ब्लॉक एका टाइलच्या मानाने अवाढव्य. सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे मेमरी बाहेर ठेवा. टायनी टेपआउटच्या बोर्डाला लागणारा फ्लॅश आणि रॅम असलेला क्यूएसपीआय पीमॉड (बोर्डाला खोचायची छोटी पट्टी) मिळतो. प्रोसेसरच्या आत आठ-दहा रेजिस्टर, एक एएलयू (गणित आणि तर्क करणारा भाग), एक एसपीआय कंट्रोलर (बाहेरच्या मेमरीशी बोलणारा) एवढंच राहू द्या. एका टाइलमध्ये नाहीच बसलं तर दोन घ्या. वेग थोडा पडेल, हरकत नाही.

एफपीजीएवर चाललेलं डिझाइन चिपवर का अडखळतं, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी पैशाची नासाडी इथेच होते.

पहिली गोष्ट रीसेटची. एफपीजीएत वीज दिली की प्रत्येक फ्लॉप तुम्ही इनिशियल ब्लॉकमध्ये लिहिलेल्या किमतीवर उभा राहतो, कारण बिटस्ट्रीम तसं करतो. चिपमध्ये इनिशियल ब्लॉकला काही अर्थ नाही. सिंथेसिस तो गुपचूप टाकून देतो किंवा नुसती सूचना देतो. वीज दिल्यावर फ्लॉप ० वर उठेल की १ वर, हे सांगता येत नाही. म्हणून नियंत्रणातला प्रत्येक फ्लॉप, विशेषतः स्टेट मशिनचे आणि काउंटरचे, रीसेटला जोडलेले हवेत. इथे एक छुपा सापळा आहे. व्हेरिलेटर हा सिम्युलेटर वेगवान आहे, मी त्याच्यावर जीव टाकतो, पण तो फक्त ० आणि १ ओळखतो. ‘अज्ञात’ ही अवस्था तो धरत नाही. त्यामुळे रीसेटची चूक त्यात लपते. सिंथेसिसनंतरच्या नेटलिस्टवर (गेटांच्या जोडणीच्या यादीवर) आयकारस व्हेरिलॉग या दुसऱ्या सिम्युलेटरने सिम्युलेशन चालवा. कुठे लाल एक्स (अज्ञाताची खूण) पसरताना दिसला की तिथे रीसेट विसरला असं समजा. आयकारस हळू आहे, पण खोटं बोलत नाही.

दुसरी गोष्ट होल्डची. सेटअप टायमिंग सगळ्यांना माहीत असतं: डेटा उशिरा पोचला तर फ्लॉप चुकीचं पकडतो, क्लॉक मंद केला की सुटतो. होल्ड त्याच्या उलट. एका फ्लॉपमधून निघालेला नवा डेटा पुढच्या फ्लॉपवर इतक्या लवकर पोचतो की त्याला अजून जुना धरायचा होता तोच पुसला जातो. हे क्लॉकच्या त्याच एकाच एजवर घडतं, म्हणून क्लॉक कितीही मंद करा, चिप सुधारत नाही. एफपीजीएत होल्डची काळजी चिप बनवणाऱ्याने आधीच घेतलेली असते, म्हणून तुम्हाला तो शब्द कधी भेटलाच नसेल. गूगलने खर्च उचललेल्या पहिल्या फेरीत नेमकं हेच झालं. चिप्स परत आल्या तेव्हा सगळ्यांना सामायिक असलेल्या चौकटीतच होल्ड व्हायोलेशन निघाली. लोकांनी तरीही व्होल्टेज आणि क्लॉकशी खेळून काही डिझाइन्स जिवंत करून दाखवली, तो भाग वेगळा. तेव्हापासून फ्लोमधल्या टायमिंग तपासण्या खूपच कडक झाल्या.

म्हणून रिपोर्ट वाचायला शिका. टायमिंग तापमान आणि व्होल्टेजच्या टोकांना तपासतात, त्यांना कोपरे म्हणतात. स्काय-१३० च्या लायब्ररीत मंद कोपरा १०० अंश सेल्सिअस आणि १.६० व्होल्टचा, जलद कोपरा उणे ४० अंश आणि १.९५ व्होल्टचा, मधला २५ अंश आणि १.८० व्होल्टचा. सेटअप मंद कोपऱ्यात बघायचा, होल्ड जलद कोपऱ्यात. लिब्रेलेन हे सगळं ओपनएसटीए या टायमिंग तपासणाऱ्या टूलकडून काढून घेतो आणि शेवटी तक्ता देतो. मंद कोपऱ्यात सेटअपचा स्लॅक (हातात उरलेला वेळ) थोडा उणे आला तर हौशी कामात मी डोळेझाक करेन, क्लॉक कमी ठेवून भागतं. होल्डचा स्लॅक कुठल्याही कोपऱ्यात उणे असेल तर टेपआउट करू नका. यात तडजोड नाही.

तिसरी गोष्ट, बाहेरून येणारे सिग्नल. बटण, सेन्सर, सिरियल डेटा येणारी युआर्टची आरएक्स लाइन, यांपैकी कशाचंही तुमच्या क्लॉकशी नातं नसतं. प्रत्येकाला दोन फ्लॉपचा सिंक्रोनायझर (सिग्नल क्लॉकशी जुळवून घेणारी जोडी) द्या. कारखान्यात तुम्ही रिलेच्या संपर्काला डीबाउन्स देता, तीच शिस्त. आणि आतमध्ये ट्रायस्टेट बस (अनेक घटक आळीपाळीने चालवतात अशा सामायिक तारा) असेल तर ती काढून मल्टिप्लेक्सर घाला.

लेआउट होऊन आला की तीन तपासण्या उरतात. डीआरसी म्हणजे कारखान्याच्या अंतर-रुंदीच्या नियमांत बसतं का. मॅजिक आणि केलेआउट दोन्हीकडून करून घ्या, कारण दोघांची नियमावली वेगवेगळी लिहिलेली आहे आणि एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसरा पकडतो. एलव्हीएस म्हणजे काढलेल्या आकृतीतून निघणारं सर्किट मूळ नेटलिस्टशी जुळतं का. ते नेटजेन करतो. तिसरी अँटेना: लांब धातूची तार घडवताना प्लाझ्मातला विद्युतभार तिच्यावर साठून गेटचा ऑक्साइड फोडू शकतो, म्हणून टूल तारेला डायोड जोडतो किंवा तार वरच्या थरात उचलून तोडतो. टायनी टेपआउटमध्ये यातलं जवळजवळ सगळं आपोआप होतं. तरीही केलेआउटमध्ये जीडीएस (लेआउटची अंतिम) फाइल उघडून आपला प्रोसेसर एकदा डोळ्यांनी बघाच.

आता मुक्त टूल्सचं जिथे कमी पडतं तेही सांगायला हवं, नाहीतर हे जाहिरातपत्र होईल. सिस्टिमव्हेरिलॉग या व्हेरिलॉगच्या वाढीव आवृत्तीला योसिसचा आधार अपुरा आहे. स्लँग हा पार्सर जोडणारं प्लगइन घातलं की बराच सुधारतो, पण साधं व्हेरिलॉग-२००५ लिहिलंत तर निम्मे त्रास टळतात. फिनफेट (प्रगत चिप्समधला उभ्या पात्यांचा ट्रान्झिस्टर) पिढीचा, कारखान्यात बनवून मिळेल असा खुला पीडीके अस्तित्वात नाही. सात नॅनोमीटरचा एएसएपी-७ आहे, पण तो अभ्यासासाठी कल्पिलेला. त्यावर चिप बनत नाही. मोठ्या डिझाइनचं टायमिंग जुळवणं, पॉवरचं बारकाईने विश्लेषण, टेस्ट चेन (बनलेली चिप तपासायची आतली सोय) या बाबतीत परवान्याची टूल्स अजून बरीच पुढे आहेत, आणि कारखान्याची अधिकृत मान्यता असलेलं साइनऑफ (शेवटची पक्की तपासणी) त्यांच्याकडेच आहे. लाख गेटांच्या पुढे गेलात की हा फरक जाणवायला लागतो. तुमचं डिझाइन दोन-तीन हजार गेटांचं आहे.

आणखी एक रोजचा वैताग: आवृत्त्या. आज चाललेला फ्लो पुढच्या महिन्यात योसिस अपडेट केल्यावर वेगळाच निकाल देतो. टूल्स एकेक करून बसवायच्या भानगडीत पडू नका. लिन्झच्या योहान्स केपलर विद्यापीठाने सगळी टूल्स आणि पीडीके एकत्र बांधलेला डॉकर डबा दिलाय, किंवा लिब्रेलेनचा निक्सवाला (आवृत्त्या पक्क्या धरून ठेवणारा) मार्ग घ्या. कुठली आवृत्ती वापरली ते रिपॉझिटरीत लिहून ठेवा. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) चालतं. १६ जीबी रॅम असली की एका टाइलचा फ्लो चहा होईपर्यंत संपतो.

अ‍ॅनालॉगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस तिकडे वळल्याशिवाय राहत नाही. ते शक्य आहे: एक्सस्केममध्ये स्किमॅटिक, एनजीस्पाइसवर सिम्युलेशन, मॅजिकमध्ये हाताने लेआउट. टायनी टेपआउटच्या काही फेऱ्या अ‍ॅनालॉग पिनाही देतात. मात्र इथे कुठलाही फ्लो तुमच्यासाठी काम करत नाही, ट्रान्झिस्टर एकेक करून ठेवावा लागतो. पहिली चिप डिजिटल करा. कम्पॅरेटर किंवा रिंग ऑसिलेटर दुसऱ्या फेरीला.

आपल्याकडे कुठे जाता येईल का, हेही लोक विचारतात. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरची प्रक्रिया आहे. मुंबईच्या आयआयटीत घडलेला अजित प्रोसेसर तिथेच बनला. पण तिचा पीडीके खुला नाही आणि दरवाजा संस्थांसाठी आहे. केंद्राच्या चिप्स टू स्टार्टअप योजनेत बंगळुरूच्या सी-डॅकमधल्या चिपइन केंद्रामार्फत कॉलेजांना आणि स्टार्टअपना व्यावसायिक टूल्स मिळतात. तुमच्यासारख्या एकट्या माणसाला नाही. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ओळख असेल आणि तिथल्या एखाद्या प्राध्यापकाला रस असेल तर त्या वाटेने आत शिरता येईल. वैयक्तिक पातळीवर उपयोगी पडेल ते आयआयटी मुंबईच्याच फॉसी प्रकल्पाचं ईसिम: कायकॅड, एनजीस्पाइस, जीएचडीएल यांना एकत्र बांधलेलं, शिकण्यासाठी चांगलं. नाव सारखं ऐकू आलं तरी वर आलेल्या फोसी फाउंडेशनशी त्याचा संबंध नाही. ती परदेशातली वेगळी संस्था.

आणि घरातच चिप भाजायची का? कोणीतरी तुम्हाला सॅम झेलूफचं उदाहरण देईल. न्यू जर्सीतल्या या मुलाने आईवडिलांच्या गॅरेजमध्ये जुनी उपकरणं दुरुस्त करून २०१८ मध्ये काही ट्रान्झिस्टरची आणि २०२१ मध्ये १०० ट्रान्झिस्टरची चिप बनवली. कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल येतं, हजार अंशांची भट्टी येते, आणि शेवटी जे बनतं ते १९७० च्या दशकातल्या तंत्राचं. तो छंद वेगळा. तुम्हाला प्रोसेसर चालवायचाय.

तर पुढच्या फेरीची तारीख बघण्याआधी एवढं करून घ्या. आहे त्या एफपीजीए बोर्डावर टायनी टेपआउटचाच पिनांचा साचा लावा: आठ आत, आठ बाहेर, आठ दुतर्फा, क्लॉक, रीसेट, त्याउपर काही नाही. ब्लॉक रॅम काढून बाहेरची एसपीआय मेमरी लावा. इनिशियल ब्लॉक सगळे खोडा. कोकोटीबीमध्ये टेस्ट लिहा. ती पायथनमध्ये असते, आणि तीच टेस्ट आरटीएलवर आणि गेट लेव्हल नेटलिस्टवर दोन्हीकडे चालते. सिम्बीयोसिस हे टूल वापरून एएलयू आणि स्टॅक पॉइंटरवर दोन-चार फॉर्मल (गणिताने सिद्ध करायच्या) अटी लावता आल्या तर उत्तम; सिम्युलेशनमध्ये कधीच न आलेली चूक तो काही मिनिटांत समोर आणतो.

आणि चिप आल्यावर तिची परीक्षा कशी घ्यायची, ते आताच ठरवा. चिप आली, पण पहिल्या दिवशी काहीच हललं नाही तर दोष कुठे ते कसं कळणार? म्हणून एका आउटपुट पिनवर प्रोग्रॅम काउंटरचा एखादा बिट काढा. रीसेटमध्ये एक विशिष्ट इनपुट वर धरला तर प्रोसेसर बाजूला राहून इनपुट सरळ आउटपुटवर यावेत, अशी सोय ठेवा. दहा-बारा गेटांत होते. तेवढं दिसलं की पिना, वीज आणि मल्टिप्लेक्सर ठीक, दोष तुमच्या लॉजिकमध्ये, हे लगेच ठरतं. टायनी टेपआउटच्या बोर्डावर रास्पबेरी पायचा मायक्रोकंट्रोलर असतो आणि तो मायक्रोपायथनमध्ये चालवता येतो; क्लॉकची एकेक टिक हाताने देऊन पिना वाचता येतात. तो प्रोग्रॅमही आताच लिहून एफपीजीएवर चालवून बघा. चिप यायला महिने आहेत, तोपर्यंत त्याला भरपूर वेळ मिळतो.